पाचव्या दिवसाची रेघ

ताई गरोदर असताना ओळखीतल्या एका काकूंनी तिला मळमळीवर झाडपाल्याची पावडर आणून दिली. "बिनधास्त घे गं, नैसर्गिक आहे." मी विचारलं, "काकू, पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो, हे कुणी तपासलंय का?" त्या हसल्या. असं तपासतात कसं, हे खरं तर मलाही माहीत नव्हतं. त्या रात्री वाचत बसलो.

झेब्राफिश हा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. त्याचा गर्भ पारदर्शक असतो. नुकती फलित झालेली अंडी खळग्याखळग्यांच्या प्लेटमध्ये ठेवतात, पाण्यात वनस्पतीतलं द्रव्य कमी-जास्त प्रमाणात मिसळतात आणि सूक्ष्मदर्शकातून रोज बघतात. साधारण चोवीस तासांत हृदय धडधडू लागतं. कणा वाकडा होतोय का? हृदयाभोवती पाणी साचतंय का? ओईसीडीच्या २०१३च्या पद्धतीत ही तपासणी ९६ तास चालते, द्रव्याच्या प्रत्येक प्रमाणासाठी किमान २० गर्भ घेऊन.

पुढे वाचताना एका नियमाशी थांबलो. युरोपीय संघाचा प्राणीप्रयोगांविषयीचा २०१०चा कायदा माशाच्या पिल्लाला संरक्षण देतो, पण ते स्वतःचं स्वतः खायला लागल्यापासून. झेब्राफिशसाठी ही वेळ साधारण १२० तास धरतात. म्हणजे ११९व्या तासाला तो गर्भ कायद्याच्या हिशेबात नाही.

अशा अटी मी रोज कोडमध्ये लिहितो. कुठेतरी आकडा टाकल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही. पण तो आकडा मी टाकलेला असतो, हेही मला ठाऊक असतं. पाचव्या दिवशी त्या जिवात अचानक काही उगवत नाही. उगवते ती आपली जबाबदारी, तीही कागदावर.

मग चाचण्या बंद करायच्या? मला तसं वाटत नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरं होऊ लागली. कारण शोधायला अनेक वर्षं गेली. गाभण मेंढ्या डोंगरावरची एक रानटी वनस्पती खात होत्या. तिच्यातल्या द्रव्याला पुढे 'सायक्लोपामाइन' हे नाव मिळालं. तीही शंभर टक्के नैसर्गिकच होती.

काकूंच्या 'नैसर्गिक आहे'मुळे चाचणी टळत नाही. ती ताईवर आणि तिच्या बाळावर होते, आणि निकालाची नोंदसुद्धा राहत नाही. त्यापेक्षा प्लेटमधले वीस गर्भ मला मान्य आहेत. पण ते मोजण्यासारखे नव्हतेच, असं म्हणणं मान्य नाही. 'नियमात बसतं' हे एक उत्तर झालं. 'काही गमावलं नाही' हे वेगळं उत्तर आहे, आणि ते खोटं आहे.

ताईनं डॉक्टरांना विचारलं आणि पावडर बाजूला ठेवली. गेल्या महिन्यात भाचीचं उष्टावण झालं. मामा म्हणून मांडीवर घेऊन मी तिला खिरीचा पहिला घास भरवला. तिनं तो थुंकला. सगळे हसले. मला मात्र उगाच तो नियम आठवला : स्वतःचं स्वतः खायला लागेपर्यंत.