भाकीत आणि तेजोवध

इंग्लंडात ऑगस्ट महिना उजाडला, की फुटबॉलच्या नव्या हंगामाबरोबर भविष्यवाद्यांचाही हंगाम सुरू होतो. प्रीमियर लीग या तेथील सर्वोच्च स्पर्धेत २० संघ असतात. प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो, आणि मे महिन्यात गुणतक्त्याच्या तळाशी जे ३ संघ राहतात त्यांची रवानगी खालच्या श्रेणीत होते. हे तीन दुर्दैवी संघ कोणते, हे पहिला चेंडू लाथाडला जाण्यापूर्वीच सांगण्याची तेथील वर्तमानपत्रांत अहमहमिका लागते. पैजा घेणाऱ्या पेढ्या तर प्रत्येक संघाच्या अधःपाताचा भावच जाहीर करितात. आमच्याकडीलही पुष्कळ तरुण शनिवारी रात्री दूरचित्रवाणीपुढे बसून हे सामने पाहतात, आणि तीच भाकिते मोठ्या हिरिरीने उच्चारितात. विषय खेळाचा आहे खरा. परंतु त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न आहे, आणि त्याचाच विचार आम्ही येथे करू इच्छितो. दुसऱ्याच्या पतनाचे भाकीत करण्याचा अधिकार मनुष्यास कितपत आहे, आणि ते भाकीत खरे ठरले म्हणजे ते करणारा निर्दोष ठरतो काय?

प्रथम भविष्यवाद्यांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. त्यांचे सांगणे हा निव्वळ पोपटपंचीचा प्रकार नव्हे. तिघांचे पतन हा स्पर्धेचा नियमच असल्यामुळे तिघेजण जाणार, हे निश्चित असते. शिवाय वरच्या व खालच्या श्रेणींच्या उत्पन्नात एवढी तफावत आहे, की नुकताच वर आलेला संघ बहुधा दुबळाच असतो. २०२३-२४ च्या हंगामात वर आलेले ल्यूटन, बर्नली व शेफील्ड युनायटेड हे तिन्ही संघ एकाच वर्षात परत खाली गेले. पुढील हंगामात लेस्टर, इप्सविच व साउथॅम्प्टन या तिघांचीही तीच गत झाली. साउथॅम्प्टनचे भवितव्य तर ७ सामने शिल्लक असतानाच ठरून गेले. अशा स्थितीत नवागतांकडे बोट दाखविणाऱ्यास कोणी अविचारी म्हणणार नाही.

तथापि हे ज्ञान वर्गाविषयीचे आहे, व्यक्तीविषयीचे नव्हे, हा भेद विसरता कामा नये. 'अशा संघांपैकी पुष्कळ बुडतात' हे विधान आणि 'हा संघ बुडणार' हे विधान, या दोहोंमध्ये मोठी दरी आहे. १९३७ साली मँचेस्टर सिटी हा संघ इंग्लंडचा विजेता ठरला. पुढच्याच हंगामात त्याने आपल्या श्रेणीतील इतर कोणत्याही संघापेक्षा अधिक, म्हणजे ८० गोल केले, आणि तरीही तो खालच्या श्रेणीत गेला. उलट प्रकारचे उदाहरण लेस्टरचे. २०१५ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस २९ सामन्यांत अवघे १९ गुण मिळवून हा संघ तळाशी पडला होता. उरलेल्या ९ सामन्यांपैकी ७ जिंकून तो तरला. त्यापुढील हंगामाच्या आरंभी त्याच्या विजेतेपदावर पेढ्यांनी एकास पाच हजार असा भाव देऊ केला होता, आणि २०१६ च्या मे महिन्यात तोच संघ विजेता झाला. पण गोष्ट येथेच संपत नाही. २०२१ साली देशातील मानाचा एफ. ए. चषक जिंकणारा, २०२१-२२ मध्ये आठव्या क्रमांकावर असणारा हाच लेस्टर २०२३ साली खाली गेला. एकाच संघाच्या दशकभराच्या चरित्रात भविष्यवादाची इतकी फजिती क्वचितच झाली असेल.

भाकीत कधी खरे ठरते, कधी खोटे, एवढेच असते तर या प्रकरणी नीतीचा संबंध आला नसता. वेधशाळेचेही अंदाज चुकतात. त्यात अनीती कोणी पाहत नाही. परंतु मेघास वेधशाळेचे भाकीत ऐकू येत नाही. मनुष्यास मात्र स्वतःविषयीचे भाकीत ऐकू येते, आणि भेद आहे तो येथे. एखादा संघ बुडणार अशी आवई उठली, म्हणजे चांगला खेळाडू त्या संघात येण्यास कचरतो व असलेला खेळाडू दुसरीकडे जागा शोधू लागतो. प्रेक्षक पहिल्या पराभवासच हूट करितात. संचालक मंडळी घाबरून व्यवस्थापकास अर्ध्या हंगामात निरोप देतात. अशा रीतीने भाकीत हे घटनेचे केवळ वर्णन न राहता तिच्या कारणांपैकी एक होऊन बसते. पुढे संघ खरोखरच बुडाला, म्हणजे भविष्यवादी 'आम्ही म्हटलेच होते' असे म्हणून मोकळा होतो. त्या बुडण्यात आपलाही थोडा हात लागला होता, हे त्याच्या मनासही शिवत नाही.

महाभारताने या प्रश्नाची दोन रूपे फार पूर्वी आपल्यापुढे ठेविली आहेत. कर्णाचे सारथ्य पत्करणारा शल्य रणांगणावर त्यास पदोपदी सांगत राहतो, की तू अर्जुनास जिंकणार नाहीस. युधिष्ठिराने त्याच्याकडे मागणे केले होते ते याच तेजोवधाचे. आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की शल्याचे म्हणणे खोटे ठरले नाही. कर्ण पडला, अर्जुन जिंकला. तरीही शल्याची ती वाणी आपणांस खटकतेच. कारण ज्याच्या हाती रथाचे लगाम दिले होते, त्यानेच रथीचे मन मोडावे, हे आपली न्यायबुद्धी मान्य करीत नाही. दुसरीकडे विदुर आहे. कुरुकुलाच्या नाशाचे भाकीत त्यानेही केले, आणि शल्यापेक्षा कितीतरी अधिक स्पष्ट शब्दांत केले. परंतु त्यास आपण ज्ञानी म्हणतो. दोघांचेही भाकीत खरे ठरले असता एकास दोष व दुसऱ्यास मान का द्यावा?

आमच्या मते याचे उत्तर तीन गोष्टींत आहे. विदुर बोलला ते ज्याच्या हाती अनर्थ टाळण्याचे सामर्थ्य होते त्या धृतराष्ट्रापुढे. त्याने नाश होणार एवढेच न सांगता नाशाचे कारण व त्यावरील उपाय सांगितला. आणि त्या बोलण्यापायी दुर्योधनाकडून झालेला अपमान त्याने स्वतः सोसला. शल्याच्या भाकितात उपाय नव्हता. त्यात केवळ निकाल होता. म्हणून पतनाविषयीचे कोणतेही भाकीत ऐकले, म्हणजे ते खरे की खोटे याबरोबरच हेही विचारावे, की ते कोणास सांगितले, त्यात सुटकेची वाट दाखविली आहे काय, आणि सांगणाऱ्याने स्वतःचे काय पणास लाविले आहे.

यावर कोणी म्हणेल, की इतका सूक्ष्म विचार करण्यापेक्षा मौनच बरे. आम्हांस ते मान्य नाही. मँचेस्टरनजीक बेरी नावाचे गाव आहे. तेथील संघ १८८५ साली स्थापन झालेला. १९०० व १९०३ साली त्याने एफ. ए. चषक जिंकलेला. आर्थिक दुरवस्थेमुळे आपण हंगाम पार पाडू शकू, अशी खात्री तो फुटबॉल लीगला पटवून देऊ शकला नाही, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यास लीगमधून काढून टाकण्यात आले. १८९४ पासूनचे सभासदत्व एका रात्रीत संपले. पिढ्यान् पिढ्या ज्या कुटुंबांचा शनिवार त्या मैदानावर गेला, त्यांचा शनिवारच रिकामा झाला. जेथे हिशेबाच्या वह्याच संकट सांगत असतात, तेथे संकटाचा उच्चार न करणे हा सद्भाव नसून हयगय होय. तेथे विदुराची गरज असते, आणि त्याने मोठ्याने बोलणेच योग्य.

हा विवेक खेळाच्या मैदानापुरता नाही. 'हा मुलगा यंदा नापास होणार' असे चारचौघांत म्हणणारा शिक्षक आणि 'याचे गणित कच्चे आहे, दिवाळीच्या सुटीत रोज तासभर बसवा' असे बापास बाजूला घेऊन सांगणारा शिक्षक, या दोघांचा अंदाज एकच असू शकतो. पहिला शल्याच्या जागी बसला आहे, दुसरा विदुराच्या. सासरी आलेल्या सुनेविषयी, नवा धंदा काढणाऱ्या भावाविषयी, उतारवयात काही शिकू पाहणाऱ्या आप्ताविषयी आपल्या घरोघरी जी सहज भाकिते होतात, त्यांपैकी किती पहिल्या जातीची व किती दुसऱ्या जातीची असतात, हे वाचकांनी आपल्याशीच पडताळून पाहावे.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहते. ल्यूटन हे टोप्यांच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध असलेले गाव. तेथील संघ २००९ साली फुटबॉल लीगच्या बाहेर फेकला गेला होता. पाच वर्षांनी तो परतला व २०२३ साली थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. हा संघ वर्षभरात परत जाणार, असे सर्वत्र बोलले जात होते, आणि तो गेलाही. भाकीत अक्षरशः खरे ठरले. परंतु दाटीवाटीने वसलेल्या घरांना खेटून असलेल्या त्याच्या लहानशा मैदानावर त्या वर्षी देशातील मोठमोठे संघ येऊन खेळले, आणि ज्यांनी आपला संघ लीगबाहेर पडलेला पाहिला होता त्यांनीच हेही पाहिले. या वर्षाचे मोल त्या गावास काय होते, याचा अंदाज ऑगस्टमधील कोणत्याही यादीत नव्हता. जी यादी केवळ शेवट सांगते, तिला त्या आयुष्यातले फारसे काही कळलेले नसते, एवढे ध्यानात ठेवून यंदाची यादी वाचावी.