ते असंच म्हणतं

नोव्हेंबर लागला की बाईंचा फोन येणार, हे ठरलेलं. बाई म्हणजे सातवीत मला व्याकरण शिकवणाऱ्या बाई. आता वय चौऱ्याहत्तर. पेन्शन चालू राहायची तर दर वर्षी या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. “वर्षभर कुणी विचारत नाही, नोव्हेंबरात मात्र जिवंत असल्याचा पुरावा मागतात,” असं त्या हसत म्हणतात. 2014 पासून ‘जीवन प्रमाण’ची डिजिटल सोय आहे, अंगठा टेकवला की काम झालं. पण पस्तीस वर्षं खडू धरून बाईंची बोटं अशी झिजलीत की त्यांचा ठसा यंत्राला पटत नाही. म्हणून त्या कागदी नमुनाच भरतात, आणि तो संकेतस्थळावरून डाउनलोड करावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी हे काम पहिल्यांदा स्वतः करायला घेतलं. नातवाने जुना लॅपटॉप दिला होता. मी मंडईत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

“अरे, हे म्हणतंय की ही फाइल सुरक्षितपणे डाउनलोड करता येत नाही. खाली ‘कीप’ आणि ‘डिस्कार्ड’ अशी दोन बटणं आहेत. डिस्कार्ड म्हणजे टाकून देणं ना? काय करू?”

माझ्या एका हातात मेथीची जुडी, मागे लोक खोळंबलेले. म्हटलं, “ठेवा हो, बाई. ते असंच म्हणतं.”

त्यांनी ‘कीप’ दाबलं, नमुना मिळाला, पेन्शन चालू राहिली. मी मेथी घेऊन घरी आलो.

रात्री जरा चाळा म्हणून त्या संकेतस्थळावर जाऊन पाहिलं. कार्यालयाचं पान ‘एचटीटीपीएस’ने येत होतं, म्हणजे लाखबंद पाकिटातून. पण त्या पानावरचा नमुन्याचा दुवा जुनाच राहिला होता, नुसत्या ‘एचटीटीपी’चा. म्हणजे उघडं पोस्टकार्ड. वाटेत कुणीही वाचावं, मनात आलं तर दोन ओळी बदलाव्यात. पान पाकिटातलं आणि फाइल कार्डावरची, असं दिसलं की क्रोम ती फाइल अडवतं. 2020 पासून टप्प्याटप्प्याने ही अडवणूक सुरू झाली. तेव्हा ब्राउझर खोटं बोलत नव्हता. चूक एका ‘एस’ची होती आणि ती दुरुस्त करणारा माणूस त्या कार्यालयाच्या दिमतीला कुठेतरी बसलेला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. प्रश्न विचारला गेला तो बाईंना.

मी अडतो तो इथे. सावध करणं हे चांगलंच काम. घाटात ‘अपघाती वळण, वाहने सावकाश हाका’ असा फलक असतो आणि तो असायलाच हवा, कारण वाचणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक असतो. बाईंच्या पायाखाली ब्रेक कुठे होता? ‘डिस्कार्ड’ दाबलं असतं तर पेन्शन अडली असती. ‘कीप’ दाबल्यावर काही विपरीत घडलं असतं, तर ‘तुम्हाला सांगितलं होतं’ असं म्हणायला सगळे मोकळे. ज्याला धोका ओळखता येत नाही आणि हटवताही येत नाही, त्याच्या पुढ्यात दोन बटणं ठेवायची आणि त्याने एक दाबलं की जबाबदारीही त्याचीच. माझ्या मते याला सावध करणं म्हणत नाहीत, हात झटकणं म्हणतात.

ब्राउझर आणि संगणक जन्मतःच इतके संशयी नव्हते. 4 मे 2000 रोजी फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस निघाला. ईमेलला जोडलेलं प्रेमपत्र. फाइलच्या नावाच्या शेवटी आधी ‘टीएक्सटी’ आणि त्यापुढे ‘व्हीबीएस’ असं होतं, पण विंडोज शेवटचं आडनाव दाखवतच नसे. त्यामुळे तो साधा मजकूर वाटला आणि लोकांनी उघडला. बघता बघता जगभरचे लाखो संगणक आजारी पडले. बनवणारा मनिलातला एक तरुण विद्यार्थी होता. त्या देशात तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, त्यामुळे तो सुटला. ऑगस्ट 2004 मध्ये विंडोज एक्सपीचा ‘सर्व्हिस पॅक 2’ आला. तेव्हापासून इंटरनेटवरून आलेल्या फायलीला टपालाच्या शिक्क्यासारखी एक खूण चिकटू लागली, आणि तशी फाइल उघडताना संगणक विचारू लागला: परकी दिसतेय, उघडू का?

पुढे 2007 मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि या विचारण्याला ताळतंत्रच राहिलं नाही. घड्याळाची वेळ बदलायची म्हटली तरी पडदा काळवंडायचा आणि परवानगी मागायचा. लोक वैतागले. मग एप्रिल 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आरएसए परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉस या अधिकाऱ्याने सांगून टाकलं की ही सोय लोकांना वैताग यावा म्हणूनच घातली आहे, मी गंमत करत नाही. सॉफ्टवेअर बनवणारे गरज नसताना संगणकाचे सगळे अधिकार मागत. आपलं सॉफ्टवेअर उघडलं की ग्राहकाला सतत हा प्रश्न दिसतो म्हटल्यावर ग्राहक कुरकुरतील, आणि बनवणारे ताळ्यावर येतील, असा तो हिशेब होता.

आपल्याकडे याला लेकी बोले सुने लागे म्हणतात. आणि सुनेला ते लागलंही. असा प्रश्न विचारायला लावणारी सॉफ्टवेअरं आणि कामं ऑगस्ट 2007 मध्ये सुमारे 7 लाख 75 हजार होती, वर्षभरात ती सुमारे 1 लाख 68 हजारांवर आली, असं मायक्रोसॉफ्टनेच त्या वर्षी जाहीर केलं. उद्देश चांगला, परिणामही चांगला. तरी मला त्या लेकीचं वाईट वाटतं. सुनेसाठी म्हणून तिला जे रोज ऐकवलं गेलं, त्यातून ती एकच गोष्ट शिकली: कानावरून जाऊ द्यायचं.

हे शिकणं किती आत जातं हे अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. लोकांना स्कॅन यंत्रात झोपवून अशा सूचना पुन्हा पुन्हा दाखवल्या, तर दुसऱ्याच वेळेला मेंदूचा दृष्टीचा भाग निवांत झालेला दिसला. डोळे उघडे असतात, पण बघणं थांबलेलं असतं. तेव्हा ‘लोक बेफिकीर आहेत’ हा शेरा मारण्याआधी जरा थांबावं. त्याच्या दोन वर्षं आधी क्रोम आणि फायरफॉक्समधल्या अडीच कोटींहून जास्त इशाऱ्यांवर लोकांनी काय केलं, याचा एक अभ्यास झाला होता. ‘या पानावर धोकादायक सॉफ्टवेअर आहे’ असं स्पष्ट सांगितलं, तर चारांतला फार तर एक जण पुढे जात होता. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राबद्दलचा इशारा मात्र क्रोममध्ये सत्तर टक्के वेळा ओलांडला गेला, फायरफॉक्समध्ये तेहतीस टक्के. दोन्हीकडची माणसं अगदी एकसारखी नसतील, पण एकीकडे निम्म्याहून जास्त शहाणी आणि दुसरीकडे निम्म्याहून जास्त वेडी, असंही नसणार. विचारण्याच्या रीतीतच काहीतरी असतं.

आणखी एक खटकणारी गोष्ट. माझ्या एका मित्राने जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. छापखान्यांत आणि दिवाळी अंकांच्या कार्यालयांत अशा मजकुराचे ढीग पडून आहेत, त्यामुळे काम मोलाचं. तो ते फुकट वाटतो. पण डाउनलोड करायला गेलं की ब्राउझर सांगतो, ही फाइल सहसा कुणी घेत नाही, जपून. घेणार कोण? जगात हे लागणारी माणसंच मोजकी. नावाची खात्री पटवणारं प्रमाणपत्र विकत मिळतं, पण ते दर वर्षी पैसे मोजून घ्यावं लागतं, आणि फुकट वाटणाऱ्याने ते कुठून आणायचे? वेशीवर नवखा माणूस दिसला की गावातली कुत्री भुंकतात. त्यात कुत्र्यांचा दोष नाही. फक्त मोठ्या शहराच्या हिशेबाने गर्दी मोजायची ठरली, की लहान भाषेतली प्रत्येक वस्तू कायमची नवखी राहते. मित्राने शेवटी मदतीच्या पानावर लिहिलं, ‘इशारा आला तर दुर्लक्ष करा.’ हे लिहिताना त्याला लाज वाटली होती. मला मंडईत वाटली नव्हती.

ती वाटली माघात. बाईंच्या फोनवर एका जुन्या विद्यार्थ्याच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. ‘यायचं हं, बाई.’ फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’, म्हणजे पत्रिका नव्हे, ॲप. पंचवीस वर्षांपूर्वी प्रेमपत्र होतं, आता लग्नपत्रिका आहे. चोराने तेवढी प्रगती केली म्हणायची. फोनने त्यांना अडवलं. अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, नुकसान होऊ शकतं, सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्याल का, असं सगळं विचारलं. बाईंनी शांतपणे एकेक बटण दाबत परवानगी दिली.

पैसे वाचले ते निव्वळ योगायोगाने. बँकेचे मेसेज अजून बाईंच्या यजमानांच्या, म्हणजे सरांच्या, जुन्या बटणांच्या फोनवर येतात, सर गेल्यावरही बाईंनी तो नंबर बदलला नव्हता. पण तासाभरात बाईंच्या नावाने तीच पत्रिका दोनशेच्या वर विद्यार्थ्यांना गेली. मलाही आली. मी धावत गेलो. बँकेला कळवलं, 1930 वर तक्रार नोंदवली, फोन पुसून कोरा केला. बाई खुर्चीत बसून होत्या.

“त्याने विचारलं होतं रे मला. तीनदा विचारलं. पण तू म्हणाला होतास ना, ते असंच म्हणतं?”

आवाजात दोष देणं नव्हतं. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाकडे बघावं, तसं त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या कार्यालयाने एका अक्षराचा आळस केला, ब्राउझरने आपलं ओझं बाईंवर टाकलं, हे सगळं खरं. पण खरा इशारा आणि रोजची कटकट एकाच टोपलीत टाकायला त्यांना शिकवलं ते मी, मेथीची जुडी हातात धरून, तीन शब्दांत.

या नोव्हेंबरात मी फोनची वाट पाहिली नाही. सकाळीच गेलो. लॅपटॉप उघडला, नमुन्यावर क्लिक केलं आणि तोच इशारा पुन्हा आला. दोन वर्षांत तो ‘एस’ काही कुणी लावलेला नाही. बाईंनी चष्मा चढवला, इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

“यात कर्ता कोण?” त्यांनी विचारलं.

मी गप्प.

“फाइल सुरक्षितपणे डाउनलोड केली जाऊ शकत नाही. कुणाकडून? कर्मणी प्रयोगात कर्ता झाकता येतो, सातवीत शिकवलं होतं तुला.”

मग मी त्यांना पाकीट आणि पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली, पत्त्याची सुरुवात दाखवली, तो नसलेला ‘एस’ दाखवला. बाईंनी फुलस्केप कागद काढला, डावीकडे समास सोडला, उजवीकडे तारीख घातली आणि कार्यालयाच्या प्रमुखांच्या नावे अर्ज लिहायला घेतला. विषय लिहिला: ‘संकेतस्थळावरील एक अक्षर दुरुस्त करणेबाबत.’

अर्ज हयातीच्या दाखल्यासोबत टाचणीने लावला. दाखल्याचा नमुना मात्र आम्हाला ‘कीप’ दाबूनच घ्यावा लागला.