खरडलेल्या रानात पहिलं काय पेरावं?

२०२५च्या सप्टेंबरात गोदावरी काठ सोडून वाहिली. परभणी जिल्ह्यात नदीकाठच्या शेतांतलं पीक तर गेलंच, पण कित्येक ठिकाणी वरची काळी मातीही गेली. पुढच्याच महिन्यात सरकारने खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची कामं जाहीर केली. ही मदत गरजेचीच होती. तिच्यातून गाळ आणता येतो, चर बुजवता येतात, वाहून गेलेले बांध घालता येतात. पण ट्रॉल्या रिकाम्या केल्या की रान तयार झालं, हा हिशेब मला पटत नाही. गंगाखेडच्या बाजूला माझ्या मामांचं शेत आहे. ते म्हणतात, "नुसता गाळ टाकून रान होत नसतंय बाबा. त्यात मुळ्या फिराव्या लागतात."

मुळ्या फिरतात तेव्हा मातीत नेमकं काय घडतं, याचा मागोवा विज्ञान गेलं शतकभर घेत आहे. मुळाला लगटून असलेल्या मातीत सूक्ष्मजीवांचं जग बाकीच्या मातीहून वेगळं असतं, हे ओळखून जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये त्या भागाला 'रायझोस्फिअर' हे नाव दिलं. पानांनी उन्हात तयार केलेल्या अन्नाचा बराच भाग वनस्पती मुळांवाटे मातीत सोडते. त्यात साखरा असतात, आम्लं असतात, आणखीही पुष्कळ काही असतं. हा पाझर प्रत्येक पिकाचा निराळा, म्हणून त्यावर पोसणारे जीवही निराळे. हरभऱ्याच्या पानांवरची आंब आपल्याकडे पहाटे फडक्याने टिपून घेत. तसंच हरभऱ्याचं मूळही जमिनीखाली सायट्रिक आम्ल सोडतं आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत अडकून बसलेला स्फुरद मोकळा करतं. 'हरभऱ्याचा बेवड चांगला' असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांनी हा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे.

पुराने हे जग दोन तऱ्हांनी मोडतं. पाणी साचून राहिलं की मातीतली हवा संपते. हवेवर जगणारे जीव मागे पडतात आणि नायट्रेटचा वायू करून नत्र उडवून देणारे जिवाणू वरचढ होतात. चिबडलेल्या रानातलं पिवळं सोयाबीन सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी वाफसा आला की यातले पुष्कळ जिवाणू लवकर सावरतात. खरी अडचण आहे ती मायकोरायझा या बुरशीची. ही बुरशी पिकाच्या मुळात शिरते आणि बाहेर मातीत बारीक धागे पसरते. स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. मूळ पोचत नाही तिथून हे धागे तो ओढून आणतात आणि बदल्यात पिकाकडून अन्न घेतात. जिवंत मुळाशिवाय तिला जगता येत नाही. मूळच नसेल तर मागे उरतात ते बीजाणू आणि मुळांचे तुकडे. तेही मुख्यतः वरच्याच थरात असतात, आणि खरडून जातो तो हाच थर.

अमेरिकेत १९९३ साली मिसिसिपी-मिसुरीच्या खोऱ्यात मोठा पूर आला आणि पुष्कळ शेतं तो हंगाम रिकामी राहिली. १९९४ मध्ये त्यातल्या अनेक शेतांत मका खुरटला, पानं जांभळी पडली. स्फुरदाच्या कमतरतेची ही खूण, आणि माती तपासली तर तिच्यात स्फुरद पुरेसा असायचा! तो पिकापर्यंत आणणारी बुरशीच रोडावली होती. त्याच्या काही वर्षं आधी, १९८०च्या दशकात, ऑस्ट्रेलियाच्या डार्लिंग डाउन्स भागात जॉन थॉम्प्सन यांनी हेच वेगळ्या निमित्ताने दाखवलं होतं. तिथली माती आपल्यासारखीच भारी, काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. ओल धरून ठेवण्यासाठी शेतकरी जमीन दीर्घकाळ पडीक ठेवत, आणि पडीक जितकी लांबे तितकं पुढचं पीक अशक्त निघे. जवस, सूर्यफूल, हरभरा यांना त्याचा फटका बसे. जवस आणि हरभरा ही तर मराठवाड्याची जुनी रब्बी पिकं. म्हणून ही गोष्ट मला दूरदेशीची वाटत नाही.

मामांच्या शेतात मागे एकदा पुरानंतर गाळ पडला, तेव्हा पैसे संपल्यामुळे अर्ध्याच तुकड्यात रब्बी ज्वारी पेरता आली. उरलेला अर्धा उघडाच राहिला. पुढच्या खरिपात दोन्हीकडे तूरच होती. ज्वारीच्या जागी ती लवकर उठली, दुसरीकडे बराच काळ थबकून राहिली. एका शेतावरून सिद्धांत काढू नये, हे खरं. पण मायकोरायझा वाढवण्यासाठी प्रयोगशाळांतही कुंडीत बहुधा ज्वारी किंवा मकाच लावतात. ज्वारीची दाट तंतुमुळं या बुरशीला मानवतात. उलट मोहरी, कोबी, पालक, राजगिरा यांची मुळं तिला जवळजवळ थारा देत नाहीत. खरडलेल्या रानात पहिलं पीक म्हणून ही घेऊ नयेत. सोयाबीनला मायकोरायझा चालते, पण त्याच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू आपल्या मातीचा मूळचा नाही. बाहेरच्या गाळात तो असेलच असं धरून चालता येत नाही, म्हणून बियाण्याला रायझोबियम लावल्याशिवाय तिथे सोयाबीन पेरू नये.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथलं 'बायोमिक्स' हे उपयुक्त जिवाणू-बुरशींचं मिश्रण शेतकरी आवर्जून नेतात. त्याचा उपयोग आहेच. मात्र उघड्या, तापलेल्या गाळात ते ओतून भागणार नाही. त्या जिवांना खायला घालणारं मूळ तिथे हवं. रोजगार हमीच्या अंदाजपत्रकात गाळाच्या ट्रॉल्या मोजल्या जातात. त्याच कागदावर हेक्टरी दहा किलो रब्बी ज्वारीचं बियाणं लिहिलं, तर ३ लाखांच्या कामात तो खर्च जाणवणारही नाही. पेरणीची वेळ टळली असेल तर निदान ताग द्यावा. आणि हे बियाणं पुढच्या जूनमध्ये नव्हे, गाळ पसरून वाफसा येईल त्याच आठवड्यात शेतकऱ्याच्या हाती पडायला हवं.