भांडण तेच, तारीख नवी

आपल्याकडे कितीतरी जोडपी आयुष्यात पहिल्यांदा विवाह समुपदेशकासमोर बसतात ती कौटुंबिक न्यायालयात. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालयं आणली, पुण्या-मुंबईत ती १९८९ मध्ये सुरू झाली आणि समुपदेशकांची सोय त्या कायद्यातच होती. सोय शहाणपणाची आहे, तिथून काही घरं परत जुळतातही. पण तोवर वकीलपत्रावर सह्या झालेल्या असतात आणि अर्जात आपल्याबद्दल काय काय लिहिलंय ते दोघांनीही वाचलेलं असतं. ते वाचून झाल्यावर समजुतीने बोलायला फार मोठं मन लागतं.

मग जायचं कधी? भांडणं होतात म्हणून कुणी जाऊ नये, ती सगळ्यांच्याच घरी होतात. विषय बदलतात आणि भांडण मात्र तेच राहतं, तेव्हा जावं. आज विजेचं बिल, उद्या गावाकडची जत्रा, परवा मुलीची शिकवणी. पण तिसऱ्या वाक्यापासून पुढचं सगळं दोघांना पाठ असतं. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं जोडप्यांच्या बोलण्याचा अभ्यास केला. त्याने धोक्याच्या चार खुणा सांगितल्या: स्वभावावरच बोट ठेवणं, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि तोंड बंद करून बसणं. या यादीत राग नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांत घातक त्याने तुच्छतेला ठरवलं. पाहुण्यांसमोर बायकोची नक्कल करणारा नवरा किंवा ‘तुम्हाला काय कळतंय’ हे रोजचं पालुपद, आपण थट्टा म्हणून सोडून देतो, ते खरं तर यातच येतं. आणि ‘बाबांना सांग, ताट वाढलंय’ असे निरोप मुलामार्फत जाऊ लागले, की वाट पाहण्यात अर्थ नाही.

आपला जुना उपाय म्हणजे बैठक. मामा, काका, लग्न जमवणारे मध्यस्थ. त्यांची कळकळ खरी असते, पण प्रत्येक जण कुणाचा तरी असतो. शेवट ठरलेला: ‘दोघांनी जरा समजून घ्या.’ त्यातला तिच्या वाट्याचा ‘जरा’ बहुतेक वेळा मोठा निघतो.

तिऱ्हाईताकडे जायचं, तर तो पारखून घ्यावा. चार आठवड्यांचा कोर्स करूनही कुणी समुपदेशक अशी पाटी लावतो. त्यामुळे शिक्षण विचारायला लाजू नये: चिकित्सा मानसशास्त्र शिकून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली आहे का, की मानसोपचार क्षेत्रातलं समाजकार्याचं शिक्षण आहे? जोडप्यांबरोबर काम केलंय का? एकेकट्याशी बोललात, तर त्यातलं दुसऱ्याला किती सांगता? हे सगळं फीबरोबर फोनवरच विचारून घ्यावं. पहिल्या तासाला व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून नेऊ नयेत. समोरची व्यक्ती न्यायाधीश नसते. आणि पहिल्याच भेटीत जी चूक कोणाची ते सांगून मोकळी होते, तिच्याकडे दुसऱ्यांदा न गेलेलं बरं.

जोडीदार यायला तयार नसेल, तर? ‘तुला उपचारांची गरज आहे’ या वाक्याने आजवर कुणी तयार झालेलं ऐकिवात नाही. ‘आपलं अडतंय, मला मदत हवी आहे’ असं म्हणून पाहावं. तरीही नकारच आला, तर एकट्याने जावं. ठरलेल्या भांडणात एकाने ठरलेलं उत्तर दिलं नाही, तर दुसऱ्यालाही आपलं पुढचं वाक्य बदलावं लागतं.

मात्र घरात मारहाण किंवा धाक असेल, तर शेजारी शेजारी बसून बोलण्याचा हा मार्ग नव्हे. तिथे खरं बोललेल्याची किंमत तिला त्याच रात्री घरी मोजावी लागते. अशा वेळी आधी सुरक्षितता: महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, पोलिसांबरोबर काम करणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्षही आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्यातला पहिला १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला. आणि नुसतंच मन फार खचलं असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

इतकं करूनही काही जोडपी वेगळी होतातच. म्हणजे समुपदेशन वाया गेलं, असं मी म्हणणार नाही. परस्परसंमतीने घटस्फोट घेताना मुलांची शाळा, घराचे हप्ते, आजी-आजोबांच्या भेटी हे सगळं त्याच दोघांना ठरवायचं असतं. महिनोन्‌महिने एका खोलीत बसून नीट बोलायची सवय झालेल्यांना, यंदाच्या दिवाळीत मूल कुणाकडे राहणार, हे वकिलांवाचूनही ठरवता येतं.