कुलूप आणि विश्वास

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या सूस गावातल्या दुकानांपुढे टिकल्यांची पिस्तुले लटकू लागतात. मग मला शाळेपासून घरापर्यंत सुखरूप पोहोचणे कठीण होते. कोपऱ्याकोपऱ्यावर कोणी ना कोणी विद्यार्थी दबा धरून बसलेला असतो. तो एक डोळा मिटतो, नेम धरतो आणि 'ठो!' करतो. मीही छातीवर हात ठेवून कोलमडल्याचे सोंग करतो. मुले टाळ्या पिटतात. मेलेले गुरुजी पुन्हा उठतात आणि पिशवी सावरीत घरी जातात, यातच त्या खेळाची सारी गोडी आहे.

या खेळाविषयी माझी कधीच तक्रार नव्हती, आजही नाही. परंतु मध्यंतरी निबंधाच्या वह्या तपासताना एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून ती गोडी थोडी कडवट झाली आहे.

निबंधाचा विषय नेहमीचाच होता : 'आमचे घर'. दहा वर्षांच्या एका मुलाने लिहिले होते, 'आमच्या घरात पाच माणसे, दोन गाड्या आणि एक बंदुक आहे. बंदुक कपाटात आईच्या शालूखाली असते. हे मला माहीत आहे. पण मला माहीत आहे हे पप्पांना माहीत नाही.' 'बंदुक' या शब्दातला दु ऱ्हस्व होता. सवयीने मी तो लाल शाईने दीर्घ केला. पुढचे वाक्य वाचले आणि पेन तसेच हातात राहिले.

आमच्या भागाला बंदूक नवी नाही, हे आधी सांगायला हवे. डोंगराच्या कडेने शेती करणाऱ्याच्या उभ्या पिकात रानडुकरे शिरतात, म्हणून पीकसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका पूर्वीपासून आहेत. पण ती बंदूक औतासारखी होती. काम झाले की कोपऱ्यात जाई. पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, जमिनींना सोन्याचा भाव आला आणि २०२१ साली सूस पुणे महापालिकेत गेले. जमिनीचा पैसा आला, तशी त्या पैशाची भीतीही आली. काही घरांत पिस्तूल आले ते रानडुकरासाठी नव्हे, माणसासाठी. आणि थोडेसे मिरवण्यासाठीही. २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने या बदलाची काळी बाजू पडद्यावर मांडली, तेव्हा तो आमच्या पोरांनी पुनःपुन्हा पाहिला. बापाच्या दुःखापेक्षा पिस्तुलाची ऐट त्यांच्या अधिक ध्यानात राहिली, याचा दोष मी मुलांना देणार नाही.

त्या मुलाच्या घरी मी संध्याकाळी गेलो. वडील सज्जन गृहस्थ. चहा झाला. मी वही दाखवली. त्यांनी ती वाचली आणि हसून म्हणाले, "गुरुजी, माझा पोरगा तसला नाही. हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय, म्हणजे लावणार नाही. आपला विश्वास आहे त्याच्यावर."

"आणि कपाटाची किल्ली?" मी विचारले.

"ती कुणालाच ठाऊक नाही."

मुलगा दाराशी उभा होता. मी त्याला सहज विचारले. तो म्हणाला, "देव्हाऱ्यात. गणपतीच्या मागं."

वडिलांचा चेहरा उतरला. वहिनी आतून बाहेर आल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत; मुलाच्या डोक्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

त्या गृहस्थांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण मी स्वतः तसलाच 'चांगला' मुलगा होतो. आमच्या चुलत्यांची ठासणीची बंदूक माजघरात खुंटीवर असे. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागे, झेंडूची माळ पडे. एके दुपारी सारी माणसे भातकापणीला गेली असता मी पाटावर पाट ठेवून ती खाली काढली, धाकट्या बहिणीला समोर उभी केली आणि चाप ओढला. खट् असा आवाज झाला. बहीण हसली. बंदूक होती तशी मी वर ठेवली. रात्री चुलते शेतावर निघाले, तेव्हा म्हणाले, "ठासलेलीच आहे, केप तेवढी चढवायची." मी गोधडीत तोंड घातले. इवलीशी एक केप बंदुकीवर नव्हती, म्हणून आज माझ्या बहिणीला नातवंडे आहेत. माझ्या आज्ञाधारकपणाचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

म्हणून मला प्रश्न पडतो : ज्याला आपण विश्वास म्हणतो, तो खरोखर विश्वास असतो काय? मुलाने हात लावू नये, ही जबाबदारी आपण मुलाच्या स्वभावावर सोपवतो आणि स्वतः मोकळे होतो. दहा वर्षांच्या जिवाने रोज, प्रत्येक रिकाम्या दुपारी, आपले कुतूहल जिंकावे अशी आपली अपेक्षा असते. आपण मोठी माणसे एक पान-तंबाखू जिंकू शकत नाही! गावच्या विहिरीला कठडा बांधतात, तो काय गावातली मुले अवखळ आहेत अशी नोंद करण्यासाठी? कठडा हा मुलांवरचा अविश्वास नव्हे. तो विहिरीच्या खोलीची ओळख आहे.

केवळ उपदेश किती पुरतो, याची परीक्षाही होऊन गेली आहे. अमेरिकेत अटलांटा शहरी काही डॉक्टरांनी केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या मुलांचे दोघा-तिघांचे गट करून त्यांना एका खोलीत पंधरा मिनिटे खेळायला सोडले. तेथील एका खणात खरे, पण निकामी केलेले पिस्तूल लपवले होते. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडले. १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. हाताळणाऱ्या मुलांपैकी शेकडा नव्वदांहून अधिकांना बंदुकीबद्दल आधी समज दिलेली होती. आणखी एक गोष्ट मला अधिक बोचते : ज्यांना ते सापडले, त्यांतील निम्म्यांना ते खेळण्यातले वाटले, किंवा खरे की खोटे ते कळले नाही. आमच्या रस्त्यावरचे 'ठो!' मला तेव्हा आठवले.

आपल्या देशातही उदाहरणे दूरची नाहीत. २००७ च्या डिसेंबरात गुडगावच्या एका शाळेत आठवीतला मुलगा घरातले पिस्तूल घेऊन आला आणि वर्गमित्राचा जीव गेला. ३१ जुलै २०२४ रोजी बिहारमधील सुपौल जिल्ह्यात नर्सरीतल्या बालकाच्या दप्तरातून पिस्तूल निघाले. तिसरीतल्या मुलाच्या हाताला गोळी लागली, जीव वाचला. नर्सरीतले मूल! त्याला गुन्हा हा शब्द तरी लिहिता येतो काय? १९५९ चा शस्त्र कायदा एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणाला परवाना देत नाही. बंदूक सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही नियमांनी परवानाधारकावरच टाकली आहे. कायद्याने जे ओझे आपल्या खांद्यावर दिले, ते आपण शालूखाली सरकवून मुलाच्या खांद्यावर देतो.

कोणी म्हणेल, "गुरुजी, चोर आला तर कुलूप उघडत बसायचे काय?" प्रश्न रास्त आहे. पण निवडणूक लागली, की अनेक परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. ते कित्येक आठवडे ही घरे बंदुकीवाचून झोपतात आणि सकाळी सुखाने उठतात. चोर वर्षातून एकदा येईल, कदाचित येणारही नाही. मूल मात्र घरात रोजच आहे. शिवाय मूल मोठे होते. दहावीचा निकाल मनाजोगता लागत नाही, मित्रांत भांडण होते, बापाचा एखादा शब्द लागतो. त्या वयातले वादळ पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ घरात हाताशी काय असावे? आईचा हात असावा, बंदूक नसावी.

करायचे ते फार अवघड नाही. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. देवाच्या मागे नव्हे. देवाला किती कामे सांगावीत! मुलाला एवढेच शिकवावे, की बंदूक दिसली तर हात लावू नये, तेथून निघावे आणि मोठ्या माणसाला सांगावे. आणि सांगितल्याबद्दल त्याला कधी रागावू नये. दिवाळीत पाहुण्यांच्या घरी मूल पाठवताना आपण "कुत्रा बांधलाय ना?" असे निःसंकोच विचारतो. तसेच "बंदूक कुलपात आहे ना?" असेही विचारावे. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ आईबापांना हेच विचारायला सांगतात. ज्यांची लेकरे-नातवंडे तिकडे आहेत, त्यांनी तर जरूर विचारावे. यात कोणाचा अपमान नाही.

त्या मुलाचे वडील काही दिवसांनी मला रस्त्यात भेटले. काही न बोलता त्यांनी कमरेची किल्ली वाजवून दाखवली. मग थोडे थांबून म्हणाले, "गुरुजी, पोराला सांगितलं, की चूक माझी होती. एवढं सांगायला लई जड गेलं."

मला वाटते, त्या घरात विश्वास त्या दिवशी सुरू झाला.

परवा त्याच मुलाने कोपऱ्यावर मला गाठले आणि टिकल्यांच्या पिस्तुलाने 'ठो!' केले. मी रीतीप्रमाणे मेलो. तो जवळ येऊन वाकला आणि गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी, हे खोटं आहे. उठा."

मी उठलो.