निरुपद्रवी गोळी

‘अशक्तपणा वाटतो, एखादं टॉनिक लिहून द्या.’ पंधरा-वीस वर्षांच्या मुलामुलींसाठी ही मागणी बहुधा त्यांची आईच करते. डॉक्टरांना ती नवी नाही. गरज नसताना व्हिटॅमिनची गोळी द्यावी का, हा प्रश्न मात्र वैद्यकाइतकाच नीतीचाही आहे.

द्यावी म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद साधा असतो: अपाय तर नाही! तो पुरता खरा नाही. ब गटातली आणि क जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. जास्तीची बहुतांशी लघवीवाटे निघून जातात. अ आणि ड मात्र चरबीत विरघळतात, शरीरात साठतात आणि अतिरेक झाला तर बाधतात.

पण समजा, गोळी खरोखरच निरुपद्रवी आहे. तरी थकव्यामागे रात्रीची जागरणं असतील, परीक्षेची धास्ती असेल, बारीक होण्यासाठी चोरून केलेली उपासमार असेल. गोळी हाती पडली की ही विचारपूस थांबते. शिवाय कोवळ्या वयात मनावर ठसतं, की आपल्यात काहीतरी कमी आहे आणि ते बाटलीत विकत मिळतं.

म्हणून सगळ्याच गोळ्या थोतांड ठरत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी त्यांच्यासाठी चैन नव्हे. अशा मुलीला नुसतं ‘पालेभाज्या खा, फळं खा’ सांगणं हीही पळवाटच. ताटात काय पडणार हे ती ठरवत नाही. कित्येक घरांत ती सगळ्यांचं उरकल्यावर जेवायला बसते.

नको असलेली गोळी आणि न झेपणारा उपदेश, दोन्ही एकाच जातीचे. दोन्हींत समोरच्या माणसाकडे न पाहता सुटका करून घेतलेली असते.

प्रामाणिक सल्ला त्या मुलीशीच बोलतो, तिच्या डोक्यावरून आईशी नाही. ती काय खाते, कधी झोपते, कशाला घाबरते हे विचारतो. गोळी लागत असेल तर का आणि किती दिवस, ते सांगतो. लागत नसेल तर ‘नको’ म्हणतो आणि का नको तेही समजावतो. बाहेर रांग असताना याला चिठ्ठी खरडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तो वेळ द्यायचा की नाही, इथेच या प्रश्नाची खरी कसोटी आहे.