माहेरचं दुसरं बोलावणं

खान्देशात आखाजी हा लेकींचा सण. अक्षय्य तृतीयेला अमळनेर तालुक्यात गावोगावी सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी रंगतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. मागोमाग बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिच्यासाठी कुणी आणखी काही दिवस राहते. लेकीला इतक्या मायेने घरी आणणारा सण मला दुसरा ठाऊक नाही. म्हणूनच तिला येणारं दुसरं बोलावणं फार सलतं. ते वडील गेल्यावर येतं, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी.

वारसनोंद होताना भावांबरोबर बहिणींचीही नावं फेरफारात लागतात, सातबाऱ्यावर चढतात. लगेच ती कमी करण्याची घाई सुरू होते. भाऊ गाडी पाठवतो, घरात गोडाधोडाचं होतं, साडीचोळी होते आणि बहीण फोटो-अंगठा देऊन मोकळी होते. का सोडलंस, असं विचारलं तर बहुतेकींचं उत्तर एकच: ‘मन्हं माहेर तुटी जाई.’

आपण याला बहिणीची माया म्हणतो. पण जे नाकारलं तर भावाचा उंबरा बंद होतो, ते देणं मायेचं कसं? ते भीतीचं देणं आहे, आणि ही भीती आपणच तिच्या मनात लहानपणापासून पेरलेली आहे.

कायदा केव्हाच तिच्या बाजूने उभा राहिला. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. तरी 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शेती खातेदारांमध्ये स्त्रिया जेमतेम 14 टक्के होत्या. इकडे आपल्या वावरात निंदणी बाईची, कापूस वेचणी बाईची. पीककर्ज मात्र सातबारा बघून मिळतं. नवरा गेला किंवा त्याने टाकलं, की हीच आखाजीची लाडकी पाहुणी माहेरी परतते आणि महिन्याभरात घराला जड होते. तिच्या नावावर एकरभर जमीन जरी असती, तर ती त्याच दारातून वेगळ्या मानाने आत आली असती.

हे काही शहरातून आणलेलं खूळ नव्हे. 1986 मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला शेतकरी बाया मोठ्या संख्येने जमल्या होत्या. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मांडली आणि शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. बायकोसाठी जे जमलं ते बहिणीसाठी का अडतं?

‘तिच्या लग्नात खर्च केला की,’ असं सांगतात. तो खर्च मांडवात आणि मानपानात गेला, तिच्या नावावर त्यातलं काय राहिलं? पाच एकरांचे किती तुकडे करायचे, हा प्रश्न मात्र खरा आहे, कोरडवाहू शेती करणाऱ्या भावाची ओढाताण खोटी नाही. पण नाव लावणं म्हणजे बांध घालणं नव्हे. खातं सामाईक ठेवता येतं. भावाने कसावं, बहिणीला तिच्या वाट्याचं धान्य किंवा पैसा द्यावा. बटाईने शेत करणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि एक तर आजच थांबवता येईल. उत्तरकार्याला सगळ्या बहिणी एकत्र असतात, म्हणून तेव्हाच कागद उरकून घेतात. डोळ्यांतलं पाणी खळलेलं नसताना तिच्यासमोर तो कागद ठेवू नये. वर्ष जाऊ द्यावं, तिला वकिलाला विचारू द्यावं, आणि तिने नाही म्हटलं तरी येत्या आखाजीला तिला आणायला भावानेच जावं.